आधी दशांश की आधी हप्ता? सातपूरच्या एका भावाला उत्तर

सलाम भाऊ. तुमचा प्रश्न मी असा समजलो: सातपूरच्या एका मशीन शॉपमध्ये तुम्ही कामाला आहात, हातात 31,000 येतात. वहिनी शिवणकामातून सहा-एक हजार आणतात. पर्सनल लोन, पतसंस्था, क्रेडिट कार्ड, एक खासगी सावकार, मोबाइलवरची दोन ॲप आणि मेहुण्याकडचे हातउसने असं सगळं मिळून साडेचार लाखांच्या घरात देणं आहे. दर महिन्याला 3,100 दशांश, म्हणजे पगाराचा दहावा भाग चर्चला देता. आता विचारताय की दशांश थांबवला तर चुकेल का, की आधी हप्ते भरावेत. जोडीला साडू मागे लागलाय की सिंहस्थ तोंडावर आलाय, कर्जावर गाडी घेऊन भाविकांची ने-आण कर, एका हंगामात सगळं फिटेल.

मी पतसंस्थेत वसुलीचं काम करत निवृत्त झालो. आता नाशिकमधल्याच एका मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, खजिनदार आहे. म्हणजे कर्जदाराच्या दारात जाणारा माणूसही मीच आणि अर्पणाची पाकिटं उघडणाराही मीच. तेव्हा दोन्ही बाजूंनी जे दिसलं ते सांगतो.

तुमच्या लिहिण्यात एक वाक्य घाईत येऊन गेलंय: ‘बायकोला फक्त पर्सनल लोन आणि पतसंस्था माहीत आहे.’ माझ्या मते खरा प्रश्न हा आहे. दशांशाचा प्रश्न खोटा नाही, पण त्याचं उत्तर मिळाल्याने तुमचं काही सुटणार नाही. सावकार, कार्ड, ॲप आणि मेहुणा ही चारही देणी लपलेली आहेत. लपलेलं देणं फेडायला माणूस लपूनच दुसरं देणं करतो, कारण घरखर्चातून त्यासाठी पैसे काढता येत नाहीत. तुमची ॲपची कर्जं कशी आली ते आठवा. सावकाराचं व्याज द्यायची तारीख आली आणि घरात सांगता येईना, हेच कारण तुम्ही स्वतः लिहिलंय.

बायबलमधल्या नीतिसूत्रे 22:7 मध्ये ऋणको हा धनकोचा दास होतो असं म्हटलंय, ते आपल्याकडे प्रत्येक उपदेशात ऐकायला मिळतं. मला मात्र वसुलीच्या कामामुळे ‘2 राजे’ या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायातली ती विधवा जास्त जवळची वाटते. तिचा नवरा देवभीरू होता, संदेष्ट्यांच्या मंडळीतला होता, आणि तरीही कर्ज ठेवून गेला. हे शास्त्रात सरळ लिहिलेलं आहे. म्हणजे कर्जात असणं हा विश्वास कमी असल्याचा पुरावा नव्हे. सावकार तिच्या दोन मुलांना गुलाम करून न्यायला निघाला तेव्हा तिने पहिली गोष्ट केली ती म्हणजे अलीशा या संदेष्ट्याकडे जाऊन उघडपणे सांगितलं. अलीशाने तिला विचारलं, घरात काय आहे? त्याने किती कर्ज आहे हे विचारलं नाही. घरात होती फक्त तेलाची एक कुपी; शेजाऱ्यांकडून आणलेल्या रिकाम्या भांड्यांत ती ओतली तेव्हा सगळी भांडी भरली. आणि शेवटी तेल विकून आलेल्या पैशाचा क्रमही सांगितला: आधी देणं दे, उरेल त्यावर तू आणि मुलं जगा. कर्ज फेडण्याबद्दल इतकं व्यवहारी सांगणारा दुसरा उतारा माझ्या माहितीत नाही.

तर पहिलं काम. एक साधी वही घ्या आणि दोघांनी मिळून बसा, मुलं झोपल्यावर. रकाने पाडा: कोणाचं देणं, किती मुद्दल बाकी, दर काय, महिन्याला किती जातात, तारण किंवा जामीन काय दिलंय, आणि शेवटचा रकाना ‘हे कोणाला माहीत आहे’. हा शेवटचा रकाना मी प्रत्येकाला पाडायला लावतो. बँकेचा माणूस तो कधी विचारत नाही, पण पुढच्या सहा महिन्यांत कुठलं देणं वाढणार आहे ते तोच रकाना सांगतो. ज्याच्यापुढे ‘कोणालाच नाही’ लिहिलेलं असतं, ते वाढतं.

तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून तुमची वही अशी दिसेल. पर्सनल लोन 1,90,000, हप्ता 6,800. पतसंस्था 60,000, हप्ता 2,700, त्यातले दोन थकलेले. कार्ड 88,000, त्यावर तुम्ही फक्त किमान रक्कम 4,400 भरता. सावकार 50,000, महिना पाच टक्के, म्हणजे 2,500 नुसतं व्याज. दोन ॲप मिळून 18,000, महिन्याला सुमारे चार हजार जातात. मेहुणा 40,000, बिनव्याजी. बेरीज 4,46,000. महिन्याला जाणारे 20,400, दशांश धरून 23,500. दोघांचे मिळून येणारे 37,000 घेतले तर हातात राहतात साडेतेरा हजार, आणि त्यात सिडकोतल्या खोल्यांचं भाडंच 6,500. उरलेल्या सात हजारांत किराणा, गॅस, पेट्रोल, दोन मुलांची शाळा. बसत नाही. दर महिन्याला जो खड्डा पडतो तो ॲप भरतं. आपल्या नाशिकरोडला देशाच्या नोटा छापतात खऱ्या, पण शेजारी राहिल्याचा उपयोग कोणाला झालेला मी पाहिला नाही.

कार्डाचं जरा जवळून बघा. महिना साडेतीन टक्के दर धरला तर 88,000 वर 3,080 व्याज, त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे आणखी साडेपाचशे. तुम्ही भरलेल्या 4,400 मधून मुद्दल कमी होतं साडेसातशेच्या आसपास. आणि त्याच महिन्यात कार्डावर दोन हजारांचा किराणा घेतलात की ते पुन्हा वर. तेव्हा वही मांडली त्याच रात्री कार्ड कापा आणि फोनमधल्या खरेदीच्या ॲपमध्ये कार्डाचा नंबर साठवलेला असतो तोही काढून टाका. कार्ड कापून नंबर ठेवणारे पुष्कळ भेटलेत.

आता वहिनींना सांगण्याबद्दल. कसं सांगायचं हे तुमच्या घरावर अवलंबून आहे, मी बाहेरून ठरवणार नाही. फक्त दोन गोष्टी पाळा. एक, सगळं एकाच वेळी सांगा. अर्धं आज आणि अर्धं पुढच्या महिन्यात असं केलंत तर दुसऱ्या वेळी विश्वास जाईल. दोन, सांगताना त्यांच्या दागिन्यांचा विषय तुम्ही काढू नका. ते त्यांचं स्त्रीधन आहे. कबुली आणि मागणी एकाच श्वासात आली की कबुलीला किंमत राहत नाही. भांडणाची भीती वाटत असेल तर पाळकसाहेबांना (पास्टरना) किंवा दोघांचा मान राखणाऱ्या एखाद्या वडीलधाऱ्या जोडप्याला बोलवा. मात्र ज्यांच्या तोंडात गोष्ट टिकत नाही अशांना ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून सांगू नका. बुधवारच्या प्रार्थनेतून पुढे ती कुठे जाते हे आपल्याला माहीत आहे.

दशांशाकडे येतो. यावर मंडळ्यांमध्ये एकमत नाही, माझ्या स्वतःच्या मंडळीतही कारभार पाहणारे दोन ज्येष्ठ माझ्या उलट मताचे आहेत, आणि ते मनापासून तसं मानतात. माझं मत हे: उसन्या पैशातून दशांश देऊ नये. तुमचे 3,100 जातात आणि 20 तारखेला ॲपवरून 3,000 येतात, तर ते अर्पण प्रत्यक्षात ॲपवाल्याचं आहे, व्याज तेवढं तुमचं. पौलाने करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (8:12) स्पष्ट म्हटलंय की देणं माणसाजवळ जे आहे त्याप्रमाणे मान्य होतं, नाही त्याप्रमाणे नाही. मार्कच्या सातव्या अध्यायात ‘कुर्बान’ म्हणून देवाला वाहिलं असं सांगत आईबापांना तोंडघशी पाडणाऱ्यांना येशूने काय सुनावलं तेही वाचा. सगळा दशांश भांडारात आणा असं सांगणारं मलाखी 3:10 तुम्हाला कोणीतरी ऐकवलंच असेल. त्याच अध्यायात पाच ओळी वर मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांवरही न्याय सांगितलाय, ते वचन भिंतीवर लावलेलं मी कुठे पाहिलं नाही.

पण देणं पूर्ण थांबवा असंही मी म्हणणार नाही. जो माणूस पूर्ण थांबवतो तो पुढे मंडळीतही यायचं थांबवतो, लाजेपोटी. आकडा तुम्ही आणि वहिनी प्रार्थना करून ठरवा. शंभर असो, दोनशे असो, खऱ्या कमाईतला असावा. आणि पाळकसाहेबांना स्वतः जाऊन सांगा की वर्ष-दीड वर्ष पाकीट हलकं राहील, कारण असं असं आहे. चांगला पाळक यावर नाराज होत नाही. खजिनदार म्हणून सांगतो, पाकिटावरचा आकडा घटला म्हणून मंडळी बंद पडत नाही.

दिखाव्याच्या देण्याबद्दल एक पाहिलेलं सांगतो. कापणीच्या सणाला आमच्याकडे लिलाव होतो. भोपळा, कोंबडी, पोळ्यांचा डबा, जे आणलं असेल ते. एका वर्षी एका भावाने द्राक्षांची पेटी तीन हजारांना सोडवली. टाळ्या पडल्या, त्यांनी हात जोडले. त्याच आठवड्यात त्यांच्या जामीनदाराला आमच्या ऑफिसातून नोटीस गेली होती, खाली सही माझी. जामीनदार मागच्या बाकावर बसला होता आणि तो टाळ्या वाजवत नव्हता.

यावरूनच फेडण्याचा क्रम. हिशोबाचं गणित सांगतं की सगळ्यात महाग कर्ज आधी फेडा. गणित बरोबर आहे. पण मी त्याच्या आधी एक पायरी घालतो: ज्या देण्याचा भार दुसऱ्याच्या मानेवर आहे ते आधी. तुमच्या पतसंस्थेच्या कर्जाला शॉपमधले दोन सहकारी जामीन आहेत. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 128 प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी तुमच्याकडून वसूल करून मग त्यांच्याकडे जावं असं संस्थेवर बंधन नाही. थकबाकी वाढली की महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 101 खाली वसुलीचा दाखला निघतो, आणि मग पगारातून कपातीची वेळ कोणावर येईल, तर ज्याचा पगार नियमित आणि कोरा आहे त्याच्यावर. म्हणून दर तुलनेने कमी असला तरी ते थकलेले दोन हप्ते, 5,400, सगळ्यात आधी. आणि त्या दोघा सहकाऱ्यांना चहाला बसवून स्वतः सांगा, नोटिशीतून कळू देऊ नका. ‘एकमेकांवर प्रीती करणे याशिवाय कोणाचे देणेकरी राहू नका’ हे रोमकरांस 13:8 मधलं सांगणं मला इथे लागू पडताना दिसतं.

पतसंस्थेच्या शाखेतही स्वतः जा. टेबलाच्या पलीकडून सांगतो, फोन बंद ठेवणाऱ्याची फाइल आणि अर्ज घेऊन येणाऱ्याची फाइल वेगवेगळ्या ढिगात जाते. हप्ता कमी करून मुदत वाढवून मिळेल का, हे लेखी विचारा आणि पोच घ्या. मिळेलच असं नाही, संचालक मंडळ आणि तुमचा जुना व्यवहार यावर आहे. पण मागितल्याशिवाय नक्की मिळत नाही.

दुसरा नंबर त्या दोन ॲपचा. रक्कम लहान आहे, त्रास मोठा आहे. ज्या कंपनीने कर्ज दिलंय तिचं नाव करारात शोधा आणि ती रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली आहे का ते बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कर्जाच्या ॲपला तुमच्या फोनमधले संपर्क आणि फोटो बघायची परवानगी नाही. नातेवाइकांना फोन, फोटोची धमकी असं काही झालं तर 1930 वर सायबर तक्रार करा. नोंदणीकृत कंपनी असेल तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार, 30 दिवसांत उत्तर नाही आलं की रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. त्यांचा चौकशीचा नंबर 14448. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

तिसरा नंबर सावकाराचा. महिना पाच टक्के म्हणजे वर्षाला साठ. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम 2014 खाली परवानाधारक सावकारालासुद्धा शेतकरी नसलेल्या माणसाच्या विनातारण कर्जावर वर्षाला 18 टक्क्यांच्या वर जाता येत नाही. परवानाच नसेल तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा 50,000 पर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे जाते. तुम्ही चौदा महिने 2,500 भरलेत, म्हणजे 35,000. कायद्याच्या दराने या काळाचं व्याज 10,500 होतं. वरचे 24,500 मुद्दलात धरले तर खरी बाकी साडेपंचवीस हजारांच्या आसपास येते.

यावर काहीजण तुम्हाला सांगतील, तो बेकायदा आहे ना, मग एक रुपया देऊ नका. ते मला पटत नाही. मुद्दल तुम्ही घेतलं, वापरलं. स्तोत्र 37:21 मध्ये उसनं घेऊन न फेडणाऱ्याला दुष्ट म्हटलंय, ते तुम्हाला माहीत आहे. पण साठ टक्क्यांनी लुटून घेण्यातही काही धार्मिकता नाही. मत्तय 5:25 मध्ये वाद्याशी कोर्टाच्या वाटेवर असतानाच मिटवून घ्यायला सांगितलंय, तसं आधीच बोलणं करा. एकटे जाऊ नका, गल्लीत वजन असलेली दोन माणसं बरोबर न्या. वरचा हिशोब कागदावर दाखवा, एकरकमी आकडा ठरवा, आणि त्याच्याकडे दिलेले तुमचे कोरे चेक टेबलावर आल्याशिवाय पैसे देऊ नका. ऐकलं नाही, धमकी दिली, तर उपनिबंधक कार्यालय आणि पोलीस. आतापर्यंतचे पैसे यूपीआयने गेले असतील तर बँकेचं स्टेटमेंट आधीच काढून ठेवा, तोच तुमचा पुरावा.

एवढी एकरकमी रक्कम आणायची कुठून? इथे अलीशाचा प्रश्न. घरात काय आहे? तुम्ही लिहिलंय दोन गाड्या आहेत, एक सहा महिने उभी आहे. ती विका. ओव्हरटाइम मिळत असेल तर हे वर्ष घ्या, रविवारची उपासना सांभाळून. वहिनींचं शिलाई मशीन मात्र विकायचा विचारही नको, तीच तुमच्या घरातली तेलाची कुपी आहे. त्या विधवेला शेजाऱ्यांनी पैसे दिले नाहीत, रिकामी भांडी दिली. तुमच्या मंडळीत शाळेचे युनिफॉर्म, गायकवृंदाचे झगे, लग्नाचे ब्लाउज कोणीतरी बाहेरून शिवून घेतंच. महिला मंडळात जाऊन काम मागा. त्यात कमीपणा नाही.

आणि दागिन्यांबद्दल वहिनी स्वतःहून बोलल्या तरच हा हिशोब: बँकेचं सोनेतारण वर्षाला साधारण दहा टक्क्यांच्या आसपास, सावकार साठ, कार्ड बेचाळीस. या अदलाबदलीत अर्थ आहे. नवं कर्ज जुन्यासाठी घ्यायचं तर माझ्या अटी चार: दर निम्म्याहून कमी, मुदत जास्त लांब नाही, जुनं खातं त्याच दिवशी बंद, आणि दोघांची संमती. एकही अट तुटत असेल तर ‘सगळी कर्जं एकात’ वाल्या एजंटला घरात घेऊ नका.

यानंतर कार्ड, मग पर्सनल लोन. पर्सनल लोनचा हप्ता नियमित आहे, तो तसाच चालू द्या. कार्डवाले एकरकमी सवलतीत मिटवायला सांगतील. तसं केलं तर सिबिलवर (आपल्या कर्जफेडीच्या नोंदीवर) ‘सेटल्ड’ असा शेरा बसतो, तो पुढे घराच्या कर्जाला आडवा येतो. भरायची ताकद असताना तो मार्ग घेऊ नये. नोकरी गेली, आजारपण आलं, तर गोष्ट वेगळी.

मेहुण्याला शेवटी ठेवा, पण गप्प ठेवू नका. त्यांना जाऊन सांगा, आणि महिन्याला पाचशे का होईना ठरल्या तारखेला पाठवा. बिनव्याजी देणाऱ्यालाच आपण सगळ्यात जास्त ताटकळत ठेवतो.

गाडीचं आता दोन ओळींत. मुख्य पर्वण्या ऑगस्ट-सप्टेंबर 2027 मध्ये आहेत, हप्ते पाच वर्षं. 2015 ला पर्वणीच्या दिवशी बाहेरून आलेल्या गाड्या शहराबाहेरच्या वाहनतळावर थांबवल्या होत्या आणि पुढे लोकांना एसटीने आणलं होतं. तेव्हा ‘एका हंगामात’ वाली बेरीज साडूने कशी केली ते त्यांना कागदावर मांडायला सांगा. लूक 14:28 मध्ये बुरूज बांधणाऱ्याला आधी बसून खर्चाचा हिशोब करायला सांगितलंय. साडूंना परमिट, विमा, ड्रायव्हरचा पगार आणि ऑक्टोबर 2027 नंतरचे हप्ते एवढेच चार रकाने द्या.

म्हणजे क्रम असा राहील: वही आणि वहिनी, कार्ड कापणं, पतसंस्थेचे थकलेले हप्ते, ॲप, सावकार, कार्डाची बाकी, मग पर्सनल लोन, आणि मेहुण्याला सुरुवातीपासून थोडंथोडं. ॲप आणि सावकार गेले की महिन्याचे साडेसहा हजार मोकळे होतात. ते सगळे कार्डात घाला, घरखर्चात मिसळू देऊ नका. दिवाळीचा बोनसही तिकडेच. या काळात कोणाला जामीन राहायचं नाही, सख्ख्या भावालाही.

वही मांडून झाली की आकडे पुन्हा लिहा, कोणाचीही नावं टाकू नका, मी बघून सांगतो. सावकाराला दिलेल्या कोऱ्या चेकचे नंबर मात्र चेकबुकच्या अर्धुकांवरून आजच उतरवून ठेवा. आणि अजून एक, ते चेक पगाराच्या खात्याचे आहेत की दुसऱ्या, तेही कळवा.